मेजावरील पट्टा-तबकडी घासयंत्र : त्याचे दोष आणि कारागिराची सुरक्षितता

ठाण्याच्या वागळे औद्योगिक वसाहतीतील लहान गाळे, डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातील पत्र्याच्या शेडी आणि कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामागील कामाच्या जागा यांतून जी यंत्रे दृष्टीस पडतात, त्यांत मेजावर बसविलेले पट्टा-तबकडी घासयंत्र हे सर्वांत निरुपद्रवी समजले जाते. त्याला करवतीचे दाते नाहीत की रंध्याचे पाते नाही. कारागीर त्यास नुसते ‘सँडर’ म्हणतात, आणि नव्याने कामास लागलेल्या उमेदवाराच्या हाती पहिले यंत्र म्हणून बहुधा तेच दिले जाते.

फिरत्या करवतीची इजा क्षणात होते व ती कोणाच्या विस्मरणात जात नाही. घासयंत्राची इजा निराळी असते. नख व बोटाचे पेर खरवडून निघणे, लाकडाचा तुकडा उडून डोळ्यास लागणे आणि वर्षानुवर्षे धूळ नाकातोंडात जात राहणे, या गोष्टींची नोंद क्वचितच होते. शिवाय या यंत्राचे एक वैशिष्ट्य असे, की त्याचा बिघाड व त्यापासून होणारा अपघात ही दोन वेगळी प्रकरणे नसतात. पट्टा बोथट झाला की लाकूड घासले जाईनासे होते. लाकूड घासले जात नाही म्हणून कारागीर ते अधिक जोराने दाबतो. जोराने दाबलेले लाकूड केव्हातरी निसटते आणि त्यामागचा हात थेट पट्ट्यावर जातो. दोष हाताला दिला जातो, परंतु अपघाताचे मूळ चार दिवसांपूर्वीच बदलावयास हव्या असलेल्या पट्ट्यात असते. यास्तव या यंत्राच्या दोषांची चर्चा ही त्याच्या सुरक्षित वापराचीच चर्चा होय.

या परिसरात लाकूडकामाची परंपरा जुनी आहे. कल्याणच्या खाडीकाठी सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आरमारासाठी जहाजे बांधली गेली हे इतिहासप्रसिद्धच आहे. त्या काळच्या सुताराची हत्यारे म्हणजे वाकस, पटाशी, रंधा व कानस. विसाव्या शतकाच्या मध्यास परिस्थिती पालटली. कल्याण कॅम्प या महायुद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले व पुढे तेथे फर्निचरचा मोठा बाजार उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे वसाहत ही त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी होय, आणि डोंबिवलीची वसाहतही त्याच दशकात आकारास आली. देव्हारे करणारा सुतार, ओतकामासाठी लाकडी साचे करणारा साचेकार आणि लोखंडी भागांच्या कडा साफ करणारा फिटर अशा तिघांनाही घासयंत्राची गरज लागते, व जागा आणि भांडवल अपुरे असेल तेथे तिघांचे काम एकाच यंत्रावर होते. या शेवटच्या गोष्टीतून कोणता अनर्थ संभवतो याचा विचार पुढे केला आहे.

यंत्राची रचना साधी आहे. एकाच मोटरवर एका अंगास दोन रुळांवरून फिरणारा अखंड पट्टा असतो व दुसऱ्या अंगास धातूची सपाट तबकडी असते. तबकडीवर घासकागद चिकटवावयाचा असतो. बाजारात पुष्कळ चालणाऱ्या आकारात पट्टा चार इंच रुंद व छत्तीस इंच घेराचा, तबकडी सहा इंच व्यासाची आणि मोटर तृतीयांश ते अर्ध्या अश्वशक्तीची असते. एक रूळ पट्टा ओढतो व दुसरा त्यास ताण देतो. दोन रुळांच्या मधे, पट्ट्याच्या पाठीशी, लोखंडी आधारपट्टी असते. लाकूड तिच्या भागातच टेकवावयाचे असते. तबकडीपुढे हव्या त्या कोनात झुकविता येणारे लहान टेबल असते. साचेकाराला या सोयीचे मोल विशेष वाटते, कारण वाळूतून साचा अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या अंगांना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, आणि तो तबकडीवर जितका बिनचूक मिळतो तितका रंध्याने मिळविणे कठीण असते.

भारतातील पन्नास आवर्तनांच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटास सुमारे २,८५० फेरे घेते. सहा इंची तबकडी अशा मोटरवर थेट बसविलेली असल्यास तिच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर भरतो. ठाणे-कल्याण मार्गावरील जलद लोकल मोकळ्या रुळांवर साधारणतः असाच वेग घेते, असे म्हटल्यास या ‘निरुपद्रवी’ यंत्राची कल्पना यावी. चार ध्रुवांच्या मोटरवर हा वेग निम्मा होतो. परंतु तो केवळ कडेचा वेग आहे. केंद्राकडे यावे तसतसा तो घटत जातो. निम्म्या त्रिज्येवर तो निम्मा राहतो आणि ऐन केंद्रात शून्य होतो. परिणामी रुंद तुकडा तबकडीच्या मध्यावर टेकविला तर त्याचे एक अंग भराभर झिजते, दुसरे नुसतेच चोळले जाऊन तापते, आणि काम वाकडे येते. ‘तबकडी सरळ घासत नाही’ ही तक्रार पुष्कळदा यंत्राची नसून या साध्या भूमितीची असते. तुकडा केंद्र आणि कड यांच्या दरम्यान ठेवून हलता ठेवल्यास ती आपोआप दूर होते. तरीही कोन चुकत असेल तर टेबलावरील अंशांच्या खुणांवर विसंबू नये. यंत्र बंद असताना गुण्या लावून टेबल व तबकडी यांतील काटकोन प्रत्यक्ष पाहावा.

तबकडीचा एक अर्धभाग टेबलाच्या दिशेने खाली येतो व दुसरा टेबलापासून वर जातो. काम नेहमी खाली येणाऱ्या भागावरच करावयाचे असते, कारण तेथे यंत्र स्वतःच लाकडाला टेबलावर दाबून धरते. वर जाणाऱ्या भागावर तोच तुकडा उचलला जाऊन कारागिराच्या तोंडाकडे फेकला जातो. टेबलाची कड व तबकडी यांमधील फट एक-सोळांश इंचाहून, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरहून, अधिक असू नये. पट्ट्याच्या आडव्या रोधपट्टीलाही हाच नियम लागू आहे. फट रुंद असली की पातळ तुकडा तिच्यात खेचला जातो आणि त्याला धरलेले बोट त्याच्यामागोमाग जाते. टेबल झुकविल्यावर ही फट बदलते, हे अनुभवी माणसाच्याही ध्यानातून निसटते. म्हणून कोन बदलल्यावर प्रत्येक वेळी टेबल पुन्हा पुढेमागे करून घ्यावे लागते. देव्हाऱ्याच्या महिरपीचे किंवा कळसाचे लहान भाग बोटांच्या चिमटीत धरून घासण्याची पद्धत सोडून द्यावयास हवी. असा भाग लांब पट्टीला दुहेरी चिकटफितीने तात्पुरता चिकटवून किंवा लाकडी चिमट्यात धरून घासता येतो, आणि त्यास लागणारा अधिक वेळ एक-दोन मिनिटांचाच असतो.

पोषाखाबाबत एक गैरसमज दृढ आहे. हाताचे रक्षण व्हावे म्हणून कित्येक जण कापडी हातमोजे घालून या यंत्रावर बसतात. वस्तुतः उघड्या बोटाला पट्टा लागला तर कातडी खरवडते. मोजा लागला तर तो गुंतून रूळ व पट्टा यांच्या सांध्यात संपूर्ण हात ओढला जाण्याचा संभव असतो. खांद्यावरचा पंचा, सैल बाही, ओढणी, मनगटातील दोरा, कडे आणि अंगठी यांसंबंधीही हेच म्हणावे लागेल. मनगटातील दोरा श्रद्धेने बांधलेला असतो व तो काढण्यास सांगणे मालकास अवघड जाते. अशा वेळी तो दंडावर बांधून वर घट्ट बाही घालावी, हा तोडगा व्यवहार्य आहे. डोळ्यांसाठी बाजूने बंद असलेला चष्मा मात्र आवश्यकच होय.

घासण्याचे खरे काम करतात ते कागदावरील किंवा कापडावरील कण. निसर्गात सापडणारे कुरुविंद हे खनिज भारतात फार प्राचीन काळापासून हत्यारांना धार लावण्यासाठी व रत्नांना पैलू पाडण्यासाठी वापरले गेले. त्याचे इंग्रजी नावही दक्षिण भारतीय भाषांतूनच गेलेले आहे. आजच्या पट्ट्यांवर बहुधा त्याचेच कृत्रिम रूप, म्हणजे भट्टीत वितळवून केलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड असते. दुसरा प्रकार सिलिकॉन कार्बाइडचा. अमेरिकेतील एडवर्ड ॲचेसन यांना तो १८९१ साली विजेच्या भट्टीत सापडला. तो अधिक कठीण पण ठिसूळ असल्यामुळे काच, दगड व रंग यांना अधिक मानवतो. कणांचा क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक, ही गोष्ट नवशिक्यास उलटी वाटते. ८० क्रमांकाचा कण सुमारे २०० मायक्रॉनचा, १२० चा सुमारे १२५ मायक्रॉनचा आणि २४० चा ५८ मायक्रॉनच्या आसपास असतो. ८० वरून एकदम २४० वर उडी घेणाऱ्याच्या कामावर पॉलिश चढल्यानंतर आडव्या रेघा उमटतात व तो पट्ट्याला दोष देतो. प्रत्यक्षात मधल्या १२० व १८० च्या पायऱ्या गाळल्यामुळे जाड कणांचे ओरखडे तसेच राहिलेले असतात.

पट्ट्याचा सर्वांत परिचित दोष म्हणजे चालता चालता तो एका बाजूस सरकणे. पट्टा जागेवर राहावा म्हणून रुळांपैकी एक मध्यभागी किंचित फुगीर केलेला असतो आणि दुसरा एका खिट्टीने अंशमात्र तिरपा करता येतो. नवा पट्टा चढविल्यावर प्रथम वीज तोडून तो हाताने दोन-तीन वेळा पूर्ण फिरवून पाहावा. नंतर कळ क्षणभर चालू करून लगेच बंद करावी व पट्टा कोणीकडे जातो ते पाहावे. खिट्टी एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि तिचा परिणाम दिसण्यास पट्ट्याला काही फेरे लागतात म्हणून तेवढी वाट पाहावी. उतावळा कारागीर येथेच फसतो. तो खिट्टी एकदा इकडे व एकदा तिकडे पिळीत राहतो, आणि अखेरीस चालता पट्टाच लाकडाच्या तुकड्याने ढकलून जागेवर आणू पाहतो. पट्ट्याची कड धातूच्या चौकटीवर फाटते, फाटलेली कड चाबकासारखी बाहेर येते आणि ढकलणारा हात तिच्या वाटेत असतो.

खिट्टीला दाद न देणाऱ्या पट्ट्याचा दोष पट्ट्यात आहे की यंत्रात, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. दुसरा, माहितीतला चांगला पट्टा चढवून पाहावा. तो नीट चालला तर पहिल्या पट्ट्याचा सांधा वाकडा आहे किंवा त्याची एक कड ताणून लांब झाली आहे असे समजावे. दोन्ही पट्टे एकाच बाजूस पळाले तर यंत्र तपासावयाचे. तेथेही आरंभ मोठ्या दुरुस्तीपासून करू नये. रुळावर लाकडाच्या राळेने व भुशाने थर धरलेला असतो. हा थर एका बाजूस अधिक चढला की फुगीर रुळाचा आकारच बदलतो. तो लाकडी पट्टीने खरवडून काढला की अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात. त्यानंतर ताणाच्या स्प्रिंगकडे आणि सर्वांत शेवटी रुळाच्या बेअरिंगकडे वळावे. बेअरिंगचा आवाज सलग घरघरीचा असतो. ‘टक्‌-टक्‌’ असा नियमित ठोका ऐकू येत असेल तर तो पट्ट्याच्या सांध्याचा होय. वेग उतरत जाताना तो ठोकाही सावकाश होत जातो. जुन्या पद्धतीच्या तिरक्या सांध्याचा पट्टा त्याच्या आतील बाणाच्या दिशेनेच चढविला पाहिजे, नाही तर प्रत्येक फेरीस सांध्याचे टोक लाकडात अडकून उचलले जाते. ठोका वाढू लागलेला पट्टा ‘आजचा दिवस काढू’ म्हणून चालविणे हे या यंत्रावरील सर्वांत महागडे काटकसरीचे काम आहे.

ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात हे सर्व दोष बळावतात. हवेतील ओलाव्याने कापडी पाठीचा पट्टा सैलावतो, कागदी पाठीची तबकडी कडेने वळते, आणि सरसाने चिकटविलेल्या स्वस्त पट्ट्यांवरील कण मऊ पडलेल्या सरसातून सुटू लागतात. कृत्रिम राळेने बांधलेले पट्टे पुष्कळ टिकतात. रात्री काम संपल्यावर ताणाची कळ सोडून ठेवावी. राखीव पट्टे खिळ्यावर अडकविल्यास त्यांना कायमची घडी पडते, म्हणून ते जाड नळीवर टांगून, बंद कपाटात, ओल्या भिंतीपासून दूर ठेवावेत. तबकडीचा कागद सुटून येण्यामागेही बहुतेक वेळा ओलावा किंवा जुन्या गोंदाचा थर असतो. मोटर बंद व थंड असताना तो थर टर्पेंटाइनने पुसून, तबकडी पूर्ण वाळल्यावरच नवा कागद बसवावा. अर्धवट सुटलेला कागद हाताने दाबून पुन्हा काम सुरू करणे धोक्याचे असते.

लाकूड काळे पडणे ही दुसरी नित्याची तक्रार. येथे कारणे बहुधा तीन असतात : कण बोथट झालेले, कणांमधील जागा राळेने भरलेली, किंवा लाकूड एकाच ठिकाणी स्थिर धरलेले. सागातील तेलकट अंश आणि पाइनच्या खोक्यांतील राळ पट्टा फार लवकर भरतात. भरलेला पट्टा फेकून देण्याचे कारण नाही. चालत्या पट्ट्यावर क्रेप रबराची लांब कांडी, किंवा ती न मिळाल्यास जुन्या बुटाचा क्रेप रबरी तळवा, हलका टेकविला की भुसा रबराला चिकटून निघून येतो व कण पुन्हा उघडे पडतात. स्पंजासारख्या हलक्या चपलेचा तळवा या कामी निरुपयोगी असतो. रबर लावूनही पट्टा घासत नसेल तर तो संपला असे समजावे. काम होण्यास नेहमीपेक्षा अधिक दाब लागणे हीच पट्टा बदलण्याची खरी खूण आहे.

मोटरच्या दोषांबाबत या भागातील विजेचा विचार अपरिहार्य ठरतो. या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या मोटरचे फिरविण्याचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर बळ सुमारे ६१ टक्केच उरते. दूरच्या खटक्यावरून लांब व बारीक वायर ओढून यंत्र चालविल्यास हीच अवस्था होते. यंत्र दमते, वायर तापते आणि मोटर जळते. मोटर नुसती गुणगुणत असेल पण फिरत नसेल तर कळ ताबडतोब बंद करावी, व पट्टा हाताने ढकलून तिला ‘गती देण्याचा’ प्रयत्न मुळीच करू नये. प्रथम वीज तोडून पट्टा मोकळा फिरतो की कोठे अडकला आहे ते पाहावे. मोकळा असेल तर दोष आरंभक कपॅसिटरमध्ये किंवा भुशाने अडकलेल्या केंद्रोत्सारी कळीत असण्याचा संभव मोठा असतो. कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही भार शिल्लक राहू शकतो. ते काम जाणत्या वायरमनचेच होय.

२००५ च्या सुमारापासून पुढील काही वर्षे कल्याण-डोंबिवली भागात रोज काही तास भारनियमन होत असे. वीज गेली की कारागीर यंत्राची कळ तशीच सोडून उठतो, पट्टा साफ करावयास घेतो किंवा टेबलाचा नट सैल करतो, आणि वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होते. भारनियमन संपले तरी अवचित वीज जाणे संपलेले नाही. यावर दोन उपाय आहेत. वीज गेल्यास स्वतःहून ‘बंद’ स्थितीत जाणारी व पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारी कळ यंत्राला बसविता येते, आणि तिचा खर्च एका पट्टीबंद बोटाच्या औषधोपचारापेक्षा अधिक होणार नाही. दुसरा उपाय खर्चाचा नाही : दोष शोधण्यास हात घालण्यापूर्वी पिन भिंतीतून काढावी व ती काम करणाऱ्याच्या नजरेसमोर टेबलावर ठेवावी. तीन पिनांचा प्लग व चालू स्थितीतील अर्थिंग यांना मात्र पर्याय नाही.

२६ जुलै २००५ च्या महापुरात आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी तिच्या काठच्या सखल भागांत शिरले. अशा वेळी तळमजल्यावरील गाळ्यांत मेजासकट बुडालेले यंत्र चिखल पुसून लगेच सुरू करण्याचा मोह होतो. बुडालेली मोटर उघडून, गोड्या पाण्याने गाळ धुऊन, मंद उष्णतेने पूर्ण वाळविली पाहिजे, आणि तिच्या वेटोळ्यांचा निरोध मेगरने मोजून तो निदान एक मेगओम भरल्याशिवाय तिला वीज देऊ नये. बेअरिंग बदलावीत. भिजलेले पट्टे वाळवून वापरण्यासारखे राहत नाहीत.

आता लाकूड आणि लोखंड एकाच यंत्रावर घासण्याच्या प्रश्नाकडे वळावयाचे. लोखंडाच्या ठिणग्या म्हणजे तापून जळणारे लोखंडाचेच सूक्ष्म कण होत. सकाळभर सागाची फळी घासलेल्या यंत्राच्या आवरणात, नळीत व पिशवीत कोरडा बारीक भुसा साठलेला असतो. सायंकाळी त्याच यंत्रावर लोखंडी कोनाची कड घासली की ठिणग्या थेट या भुशात शिरतात. ज्योत लगेच दिसत नाही. भुसा आतल्या आत धुमसत राहतो, गाळ्याला कुलूप लागते, आणि आग कित्येक तासांनंतर, पाहणारे कोणी नसताना, बाहेर पडते. ॲल्युमिनियमचे प्रकरण याहून बिकट आहे. त्याची भुकटी लोखंडाच्या गंजाबरोबर मिसळली असता ठिणगीने पेटून रेल्वेचे रूळ सांधण्यास वापरतात तशीच प्रखर उष्णता उत्पन्न करू शकते. आणि पेटलेल्या ॲल्युमिनियमवर पाणी ओतल्यास हायड्रोजन वायू सुटून आग भडकते, म्हणून तेथे कोरडी वाळू हवी. सर्वांत उत्तम म्हणजे धातूसाठी यंत्र वेगळे ठेवावे. ते शक्य नसेल तर काम बदलण्यापूर्वी आवरण उघडून भुसा पूर्ण काढावा, पट्टा व कागद बदलावा, धूळ ओढणारी नळी काढून ठेवावी, आणि धातूचे काम दिवस संपण्याच्या निदान तासभर आधी थांबवावे.

शेवटचा विषय धुळीचा. तिची इजा तात्काळ दिसत नसल्यामुळेच ती सर्वांत उपेक्षित राहिली आहे. इंग्लंडमधील हाय विकम हे फर्निचरचे गाव. तेथील कारागिरांत नाकाच्या पोकळीचा एरवी अत्यंत दुर्मीळ असणारा कर्करोग वारंवार आढळतो, हे एस्मे हॅडफिल्ड, डोनाल्ड ॲचेसन व त्यांचे सहकारी यांनी १९६८ साली दाखवून दिले. (ॲचेसन हे आडनाव या विषयात दोनदा यावे, एकदा कण शोधणारा म्हणून व एकदा त्या कणांनी उडविलेल्या धुळीचा परिणाम शोधणारा म्हणून, हा केवळ योगायोग.) पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निश्चित उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात केला. ओक व बीच यांसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाबाबत हा पुरावा विशेष बळकट आहे. सागाच्या धुळीतील लॅपाकॉल व त्याच्या जातीच्या द्रव्यांनी कित्येकांच्या कातडीस खाज व पुरळ उठते. एमडीएफ फळ्यांच्या धुळीबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ येते, आणि फॉर्माल्डिहाइडही २००४ पासून त्याच वर्गात गणले गेले आहे.

जी धूळ जमिनीवर पडलेली दिसते ती फारशी चिंतेची नव्हे; चिंता न दिसणाऱ्या धुळीची करावयाची. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून खाली येण्यास साधारण आठ मिनिटे लागतात. दोन मायक्रॉनच्या कणाला साडेतीन तास लागतात. म्हणजे दुपारी घासलेल्या फळीची धूळ, यंत्र बंद करून तेथेच डबा उघडणाऱ्या माणसाच्या श्वासात सायंकाळपर्यंत जात असते. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवीत नाही. त्यासाठी एफएफपी-२ किंवा एन-९५ दर्जाचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटाच लागतो. उकाड्यामुळे यंत्रापाशी उभा पंखा लावण्याची रीत आहे. त्या पंख्याने एका माणसाची धूळ सर्व गाळ्याला वाटली जाते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात धूळ ओढून घेण्याची व्यवस्था, यंत्रांच्या फिरत्या भागांना कुंपण आणि डोळ्यांचे रक्षण यांसाठी स्वतंत्र कलमे घातली गेली. परंतु विजेवर चालणाऱ्या ज्या जागेत दहाहून कमी माणसे काम करीत, ती सामान्यतः त्या अधिनियमातील ‘कारखाना’ या व्याख्येतच बसत नसे. घासयंत्र नेमके अशाच जागेत असते. तेथे निरीक्षक पोहोचत नाही, आणि जे काही करावयाचे ते मालक व कारागीर यांनाच करावे लागते. फार खर्चाची व्यवस्था लागते असेही नाही. यंत्राच्या धूळनळीला व्हॅक्यूमचा होज घट्ट जोडावा. यंत्र खिडकीशी आणून तिच्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा व समोरच्या अंगाने हवा आत येऊ द्यावी. जमीन केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. जेवणाचा डबा यंत्राच्या खोलीत उघडू नये. धुळीची पिशवी भरण्याची वाट न पाहता ती रोज सायंकाळी रिकामी करून, भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गाळ्याबाहेर ठेवावा.